सातबारा ठाऊक, पण सात-अकरा?

पूर्णा, परभणी, गंगाखेड या पट्ट्यात ‘सातबारा’ हा शब्द न ऐकलेला माणूस शोधून सापडायचा नाही. शाळेची पायरी न चढलेली म्हातारीसुद्धा उताऱ्यावर कोणाचे नाव लागले आहे, सोसायटीचा बोजा चढला आहे की उतरला आहे, हे तोंडपाठ सांगते. जमिनीचा कागद म्हणजे जिवाचा कागद, हे आपल्या हाडीमाशी रुजलेले आहे. पण ‘सात-अकरा’ म्हणजे काय, असे विचारून पाहा. मोंढ्यात केस पांढरे केलेला व्यापारीही चाचपडेल. सातबारा शेताचा असतो. सात-अकरा हा दिवाणी दाव्याचा उंबरठा आहे. तो ओलांडता आला नाही, तर आत गेल्यावर न्याय मिळाला असता की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची, अमलात आली १ जानेवारी १९०९ पासून. मराठवाड्यातली निजामी राजवट १९४८ साली संपली आणि १९५१ पासून ही संहिता आपल्याकडेही लागू झाली. राजवट गेली, कायदा बदलला, तरी भाषा मागे राहिली. आपला माणूस आजही ‘तारखेला’ जात नाही, ‘पेशीला’ जातो. वकिलाला वकालतनामा देतो, दावा दाखल करतो. या संहितेच्या सातव्या आदेशात वादपत्र कसे असावे ते सांगितले आहे आणि त्याच आदेशाच्या अकराव्या नियमात ते केव्हा नामंजूर करावे ते. वकिलांच्या खोलीत याला सुटसुटीतपणे ‘सात-अकराचा अर्ज’ म्हणतात.

या अर्जातला युक्तिवाद मोठा गमतीचा आहे. एरवी प्रतिवादी म्हणतो, ‘वादी खोटे बोलतो.’ इथे तो तसे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘घटकाभर वादीचे अक्षर न् अक्षर खरे धरू. तरी माझ्याकडून काही मागण्याचा हक्क त्याला कुठून आला?’ म्हणजे भांडण पुराव्याचे नाही, साक्षीदारांचे नाही. कागदावर जे लिहिले आहे तेवढ्याने दावा उभा राहतो का, एवढेच पाहायचे. त्यासाठी न्यायाधीशाने फक्त वादपत्र आणि त्यासोबत जोडलेले कागद वाचायचे. प्रतिवादीची कैफियत त्या वेळी बघायचीसुद्धा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली, महाराष्ट्र शासन पक्षकार असलेल्या एका प्रकरणात, हे अगदी स्वच्छ शब्दांत सांगून ठेवले आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, पूर्णेच्या मोंढ्यातल्या एका आडत्याने परगावच्या कारखानदाराला सोयाबीन विकले. माल गेला, काही रक्कम आली, साडेतीन लाख रुपये अडकले. फोन झाले, खेटे झाले, शेवटी प्रकरण कोर्टात गेले. वादपत्र चार पानांचे तयार झाले. त्यात लिहिले की प्रतिवादीने गोड बोलून विश्वासघात केला, वादीला अतोनात मनस्ताप झाला, त्याची बाजारातली पत गेली, प्रतिवादी गडगंज असूनही पैसे देत नाही, सबब दावा मंजूर व्हावा. वाचताना काळीज हलते. पण सौदा कोणत्या दिवशी ठरला? भाव काय ठरला? माल किती आणि कोणत्या तारखेला पोचला? पैसे किती दिवसांत द्यायचे होते? किती आले, किती राहिले? चार पानांत यातले एकही वाक्य नाही. वादीच्या वहीत हे सारे आहे, मुनीमजींच्या डोक्यात तर पावतीच्या नंबरासकट आहे. पण वादपत्रात नाही. आणि न्यायालय वादपत्र वाचते, मुनीमजींचे डोके वाचत नाही.

कराराच्या भांडणात वादपत्राने काय काय सांगायला हवे, याची यादी काही फार लांब नाही. करार झाला होता. त्यातले माझे काम मी केले किंवा करायला तयार होतो. समोरच्याने त्याचे काम केले नाही. त्यामुळे माझे अमुक इतके नुकसान झाले. हे अमुक तारखेला घडले. आणि या न्यायालयाला हा दावा चालवण्याचा अधिकार आहे. या साऱ्याला मिळून कायद्याच्या भाषेत ‘वादाचे कारण’ म्हणतात. १८७२ च्या करार कायद्याचे ७३ वे कलम म्हणते की भरपाई मिळेल ती करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवलेल्या नुकसानाची. दूरच्या, अप्रत्यक्ष नुकसानाची नाही. म्हणूनच ‘पत गेली, मनस्ताप झाला’ या वाक्यांचा व्यापारी दाव्यात फारसा उपयोग नसतो. पावतीच्या तारखेचा असतो.

फसवणुकीचा आरोप करायचा असेल तर कायदा आणखी कडक आहे. सहाव्या आदेशाचा चौथा नियम सांगतो की फसवणूक, दिशाभूल, दडपण असे काही म्हणायचे असेल, तर कोणी, केव्हा, काय सांगून फसवले, त्याचा तपशील द्या. आपल्याकडच्या वादपत्रांत ‘फसवणूक’ हा शब्द मिठासारखा टाकलेला असतो. तपशील नसलेला हा शब्द न्यायालयापुढे फुसका बार ठरतो.

सात-अकराच्या नियमात वादपत्र नामंजूर करण्याची सहा कारणे दिली आहेत. त्यातली काही केवळ दुरुस्तीची आहेत: दाव्याचे मूल्यांकन कमी दाखवले, मुद्रांक कमी लावला, प्रती कमी दिल्या. अशी चूक झाली तर न्यायालय मुदत देते, माणूस ती भरून काढतो. खरी धार आहे ती दोन कारणांना. वादाचे कारणच दिसत नाही, हे एक. आणि वादपत्रातल्या मजकुरावरूनच दावा एखाद्या कायद्याने वर्ज्य ठरतो, हे दुसरे.

हे दुसरे कारण लहान गावातल्या लहान माणसाला अचानक कुठून येऊन गाठते, ते पाहण्यासारखे आहे. दोघा भावांनी किंवा दोघा मित्रांनी भागीत दुकान टाकले. पाटी लागली, पेढे वाटले, पण भागीदारी संस्थेची नोंदणी केली नाही. दहा वर्षे धंदा चालला. मग एका गिऱ्हाइकाने मोठी उधारी बुडवली. दावा केला, तर १९३२ च्या भागीदारी कायद्याचे ६९ वे कलम आडवे येते: नोंदणी नसलेल्या संस्थेला आपल्या धंद्यातल्या करारावरून तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही. पैसे बुडाले हे खरे, माल दिला हे खरे, तरी दार बंद.

दुसरी गोष्ट सहकाराची. आपल्या भागात ऊस, दूध, कर्ज, खत यांपैकी कुठला ना कुठला व्यवहार सहकारी संस्थेशी असतोच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा. त्याच्या ९१ व्या कलमानुसार संस्था आणि सभासद यांच्यातले, संस्थेच्या कारभाराशी वा व्यवसायाशी संबंधित वाद सहकार न्यायालयापुढे जायचे असतात. १६४ वे कलम सांगते की संस्थेच्या व्यवसायासंबंधी दावा करायचा तर आधी निबंधकाला दोन महिन्यांची लेखी नोटीस द्या. शासनाविरुद्ध दावा असेल तर संहितेच्याच ८० व्या कलमाची दोन महिन्यांची नोटीस आहे. पूर्णा हे जंक्शनचे गाव. मनमाड-हैदराबाद मार्गावरून अकोल्याकडे जाणारा फाटा इथे फुटतो. रेल्वेची लहानमोठी कंत्राटे घेणाऱ्यांना माहीत असेल की अशा करारात लवादाचे कलम असू शकते. असे कलम असताना थेट दिवाणी दावा केला, तर समोरचा पक्ष योग्य वेळी बोट दाखवतो आणि प्रकरण लवादाकडे जाते. यातला एकही नियम अन्यायाचा नाही. प्रत्येकामागे काही विचार आहे. पण हे नियम ज्याला लागू होतात, त्याला ते बहुतेक वेळा दावा फेटाळल्यावरच कळतात.

यात अलीकडच्या काळातली सर्वांत मोठी भर घातली ती एका पुणेकर कंपनीच्या प्रकरणाने. पाटील ऑटोमेशन या कंपनीवर रखेजा इंजिनिअर्स या कंपनीने हरियाणातल्या फरिदाबादेत पैशांच्या वसुलीचा दावा लावला. पाटील ऑटोमेशनने उत्तर दिले ते पैशांबद्दल नव्हे, दाव्याच्या पात्रतेबद्दल. व्यापारी न्यायालय कायद्यात २०१८ साली १२-अ हे कलम घातले गेले होते. तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल, तर व्यापारी दावा लावण्याआधी मध्यस्थीचा मार्ग चोखाळलाच पाहिजे, असे ते सांगते. वादीने तो चोखाळला नव्हता. प्रश्न होता की हे कलम सल्ला आहे की सक्ती. १७ ऑगस्ट २०२२ रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ आणि न्यायमूर्ती हृषिकेश रॉय यांनी निर्णय दिला: सक्ती आहे, आणि ती मोडली तर वादपत्र सात-अकराखाली नामंजूर होईल. मात्र आधीच्या दाव्यांना याची झळ सरसकट बसू नये म्हणून न्यायालयाने २० ऑगस्ट २०२२ ही तारीख घालून दिली.

हा निर्णय मोठ्या कंपन्यांचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. २०१८ च्या त्याच दुरुस्तीने व्यापारी दाव्याची किमान रक्कम एक कोटीवरून तीन लाखांवर आणली. म्हणजे व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला विकलेल्या मालाचे साडेतीन लाख अडकलेला आपला मोंढ्यातला आडत्यासुद्धा त्यात येऊ शकतो. त्याने आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज करायला हवा. समोरचा आला तर बोलणी होतील, तडजोड झाली तर तिला लवादाच्या निवाड्याचे बळ मिळेल. तो आलाच नाही, तर तसा अहवाल मिळेल आणि मग दाव्याचा रस्ता मोकळा होईल. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत धरला जात नाही, हीही सोय आहे. एवढे माहीत असेल तर सोपे; नसेल तर पहिल्याच पेशीला वादपत्र परत हातात.

आता मुदतीची गोष्ट. करारावरून पैसे मागायचे तर साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. हे सगळ्यांना ऐकून माहीत असते, पण तीन वर्षे कधीपासून मोजायची, यावर संसार बुडतात. सुरतजवळच्या एका शेतकरी कुटुंबाचे उदाहरण पाहा. या कुटुंबाने २००९ साली आपली जमीन १ कोटी ७४ लाख २ हजार रुपयांना विकली. खरेदीखत नोंदवले गेले. किंमत ३६ धनादेशांनी मिळाल्याचे खतातच लिहिले होते. पाच वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये, कुटुंबाने दावा लावला: आम्ही निरक्षर, आमच्या पदरात फक्त सहा धनादेशांचे ४० हजार रुपये पडले, बाकीचे धनादेश खोटे होते, खरेदीखत रद्द करा. वाचून कोणाचेही मन द्रवेल. पण जमीन दुसऱ्यांदा विकत घेतलेल्यांनी सात-अकराचा अर्ज दिला आणि तो मंजूर झाला. उच्च न्यायालयाने तेच कायम केले आणि ९ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानेही. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी निकालपत्रात दाखवून दिले की किंमत पूर्ण मिळाली नाही एवढ्यावरून नोंदलेले खरेदीखत रद्द होत नाही. राहिलेल्या रकमेसाठी दावा करता आला असता, आणि तोही तीन वर्षांत. पाच वर्षांत साधी मागणीची नोटीसही दिलेली नव्हती. वादपत्रात ‘आम्हाला आत्ता कळले’ असे लिहून मुदत ताणता येत नाही.

या निकालाबद्दल दोन मते होऊ शकतात. कुटुंबाचे म्हणणे खरे की खोटे, हे कोणत्याच साक्षीपुराव्यातून तपासले गेले नाही, ही टोचणी राहतेच. पण दुसऱ्या बाजूला तो माणूसही आहे, ज्याने नोंदलेला कागद पाहून जमीन घेतली आणि ज्याच्या डोक्यावर दाव्याची तलवार टांगली गेली. दिवाणी दावा म्हणजे काय, हे ज्याने भोगले आहे त्यालाच कळते. वीस-वीस वर्षे पेश्या चालतात, बाप लावतो आणि नातू निकाल ऐकतो. अशा वेळी बिनबुडाचा दावा दारातच थांबवला, तर एक निरपराध माणूस वाचतो. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी १९७७ साली नेमके हेच सांगितले होते. वादपत्र अर्थ समजून वाचा. चतुर मांडणीने वादाच्या कारणाचा नुसता भास निर्माण केला असेल, तर पहिल्याच सुनावणीत पक्षकाराला खोदून प्रश्न विचारा आणि तो प्रकार मुळातच खुडून टाका. गरिबांच्या बाजूने उभा राहणारा न्यायाधीश म्हणून ज्यांची ख्याती, त्यांनीच हे सांगितले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. खोटा दावाही गरिबालाच जास्त छळतो.

मात्र दार लावताना कोणाची बोटे चिरडू नयेत, याचीही काळजी न्यायालयांनी घेतली आहे. मुंबईत सदनिका घेणाऱ्या काही जणांनी विकासकाविरुद्ध करार पाळावा म्हणून उच्च न्यायालयात दावे लावले. त्यांत ज्या बँकेकडे मालमत्ता गहाण पडली होती तीही प्रतिवादी होती. बँकेने म्हटले की कर्जवसुलीच्या विशेष कायद्यामुळे आमच्याविरुद्ध दिवाणी दावा चालत नाही, आमच्यापुरते वादपत्र नामंजूर करा. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ते मानले. परंतु १ जुलै २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. वादपत्र नामंजूर व्हायचे तर सगळे होईल, नाहीतर अजिबात होणार नाही. एका प्रतिवादीपुरता त्याचा लचका तोडता येत नाही. बँकेचा आक्षेप संपला नाही. तो तिने पुढे प्राथमिक मुद्दा म्हणून मांडावा. आयुष्याची कमाई घातलेल्या कुटुंबांना निदान आपले म्हणणे सर्वांसमोर एकत्र मांडण्याची जागा राहिली.

उंबरठा किती उंच असावा, हा वाद आपल्यापुरता नाही. इंग्लंडात पूर्वी ‘डिमरर’ नावाचा असाच आक्षेप होता. त्यावर इतका शब्दच्छल माजला की १८८३ च्या नियमांनी तो काढून टाकला आणि त्याजागी साधी तरतूद आणली. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तो त्याच नावाने आजही आहे. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांतली एक कथा तर रेल्वेच्या गावाने मुद्दाम ऐकावी. टेक्सासमधल्या ह्यूस्टनला १९५४ साली रेल्वे कंपनीने ४५ जागा रद्द केल्याचे जाहीर केले. त्या जागांवर काम करणारे कृष्णवर्णीय होते. त्यांना काढले किंवा खालच्या जागी टाकले गेले, आणि पुढे त्याच जागांवर गोरे कर्मचारी नेमले गेले. कंपनीशी झालेल्या करारात कामगारांना संरक्षण होते, पण त्यांच्याच संघटनेने हात वर केले. कामगारांनी संघटनेवर दावा लावला. खालच्या न्यायालयांनी तो उंबरठ्यावरच फेटाळला. १८ नोव्हेंबर १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांच्या निकालपत्रातून, एकमताने तो पुन्हा उभा केला: तक्रारीचा उद्देश समोरच्याला दावा कशाचा आहे ते कळावे हा आहे, शब्दांचा खेळ खेळणे हा नाही. ‘कॉनली विरुद्ध गिब्सन’ या नावाने तो पन्नास वर्षे दाखला म्हणून दिला गेला. मग २००७ साली, दूरध्वनी कंपन्यांवरच्या एका दाव्यात, त्याच न्यायालयाने उंबरठा वाढवला: तक्रार नुसती शक्य वाटून चालणार नाही, पटण्याजोगी वाटली पाहिजे. तेव्हापासून तिकडे वाद पेटला आहे. कारण ज्याच्या विरुद्ध तक्रार आहे त्याच्याच कपाटात पुरावा असेल, तर दुबळ्याने तो आधी आणायचा कुठून?

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. सात-अकराचा अर्ज दावा लवकर संपवण्यासाठी आहे. पण तो बरेचदा दावा लांबवण्यासाठी वापरला जातो. कैफियत द्यायला कायद्याने तीस दिवस, फार तर नव्वद. ती मुदत टळत आली की अर्ज येतो. अर्जावर म्हणणे, म्हणण्यावर युक्तिवाद, आदेशाविरुद्ध छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापुढे धाव, तिथून स्थगिती. दावा सुरू होण्याआधीच दोन-तीन वर्षे सरतात. हा अर्ज खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर देता येतो, ही सवलत मुळात चांगल्या हेतूची; तिचीच पळवाट होते. ज्याच्याकडे पैसा आणि वेळ आहे त्याला दारात उभे राहण्याचे काही वाटत नाही. ज्याचे साडेतीन लाख अडकले आहेत, त्याच्या मुलीचे लग्न किंवा पुढच्या हंगामाचे भांडवल अडकलेले असते.

दाराशी अडलेल्या माणसाला मग दुसरा रस्ता सुचवला जातो: पोलिसांत फिर्याद द्या, फसवणुकीचा गुन्हा नोंदवा, अटकेच्या भीतीने पैसे निघतील. हा सल्ला फुकट मिळतो आणि महाग पडतो. पैसे न देणे म्हणजे फसवणूक नव्हे. सौदा करतानाच मनात बुडवण्याचा हेतू होता, असे फिर्यादीतून दिसावे लागते. नंतर शब्द फिरवला, तर तो करारभंग. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हा भेद ठळकपणे मांडला आणि पुढे पुन्हा पुन्हा सांगितला. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी हा भेद बदललेला नाही. दिवाणी भांडणाला फौजदारी कपडे घातलेली फिर्याद उच्च न्यायालयात रद्द होते, आणि तोवर दिवाणी दाव्याची तीन वर्षे निघून गेलेली असतात. माणूस दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो.

मग करायचे काय? ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याला पाठ आहे. पण ज्याचे बुडाले त्याने पायरी चढू नये असे म्हणणे म्हणजे बुडवणाऱ्याला आशीर्वाद देणे. पायरी चढावी, पण तयारीने. काही गोष्टी न्यायसंस्थेने करायच्या आहेत. सात-अकराचा अर्ज आला की तो आधी आणि झटपट निकाली काढावा. लिखाणातली उणीव दुरुस्तीने भरून निघणारी असेल, तर वादीला ती संधी द्यावी. सहाव्या आदेशाचा सतरावा नियम त्यासाठीच आहे. आणि केवळ वेळ काढण्यासाठी दिलेला अर्ज फेटाळताना खर्चाचा असा बोजा घालावा की पुन्हा कोणी सहज हात घालणार नाही. वादपत्र नामंजूर झाले तरी त्याविरुद्ध अपील आहे, आणि तेराव्या नियमानुसार त्याच कारणावरून नवे वादपत्रही देता येते. पण मुदतीचे घड्याळ कोणासाठी थांबत नाही, हे विसरून चालणार नाही.

काही गोष्टी वकीलमंडळींनी करायच्या आहेत. तालुक्याच्या ठिकाणी जुन्या दाव्याचा मसुदा समोर ठेवून नवा दावा उतरवण्याची पद्धत फार जुनी आहे. नावे बदलतात, रक्कम बदलते, ‘विश्वासघात’ आणि ‘मनस्ताप’ तसेच राहतात. दोन तास पक्षकाराजवळ बसून त्याची वही चाळली, तारखांचा तक्ता मांडला, तर निम्मे सात-अकराचे अर्ज जन्मालाच येणार नाहीत.

आणि एक गोष्ट आपण, म्हणजे सामान्य पक्षकारांनी करायची आहे. महाराष्ट्र शासनाने १९९८ साली जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. म्हणजे आपले वादपत्र आपल्या भाषेत असू शकते. वादपत्राच्या शेवटी सत्यापन असते: वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे, असे आपणच लिहून देतो आणि खाली आपलीच सही असते. वकिलाने ‘इथे सही करा’ म्हटले की आपण करतो. शेताच्या फेरफारावर अशी डोळे मिटून सही आपण करू का? तलाठ्याला दहा प्रश्न विचारणारे आपण वकिलाला एकही विचारत नाही. व्यवहार करताना चिठ्ठी घ्या, भाव आणि तारीख लिहून घ्या. भागी असेल तर नोंदणी करा. उधारी थकली तर समोरच्याकडून बाकीचा लेखी कबुलीजबाब, सहीसकट, मुदत संपण्याआधी घ्या. त्याने तीन वर्षे नव्याने मोजली जातात. आणि दाव्यावर सही करण्याआधी तो एकदा मोठ्याने, घरच्या माणसांसमोर वाचून घ्या. काय ठरले, कधी ठरले, आपण काय केले, त्याने काय केले नाही, आपले काय गेले, या पाच प्रश्नांची उत्तरे घरातल्या शाळकरी मुलाला त्या कागदात सापडली, तर न्यायाधीशालाही सापडतील. सापडली नाहीत, तर तो कागद अजून दाखल करण्याजोगा झालेला नाही.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ सालचा आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कमी उत्पन्नाची कुटुंबे यांना त्याखाली मोफत वकील मिळतो. ही सोय दावा फेटाळल्यावर नव्हे, दावा लिहिण्याआधी वापरायची आहे. न्यायालयाचा उंबरठा असणारच, आणि असायलाही हवा. उंबरठा नसलेल्या घरात पावसाचे पाणीही शिरते आणि जनावरही. आपल्या बाजूने खरेपणा असेल, तर त्या उंबरठ्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. फक्त तो खरेपणा कागदावर उतरला आहे की नाही, एवढे पाहायचे. सातबारा आपण जसा डोळ्यांत तेल घालून वाचतो, तसेच आपले वादपत्रही वाचायला शिकलो, तर सात-अकराचे भय निम्म्याने उतरेल.